खाली ठेवलेला कप

कप फरशीवर टेकला तेव्हा टक् एवढाच आवाज झाला, पण सिद्दीकच्या हातातली किटली जागच्या जागी थबकली. शोकाला बसायच्या त्या लांबट खोलीत भिंतीला पाठी लावून बसलेली माणसं बोलायची थांबली. मुल्ला घसा खाकरायच्या बेतात होता, तोही तसाच राहिला. छताचा पंखा तेवढा फिरत होता, पंख्याला काय रीतभात! दियारबकीरच्या बाग्लार मोहल्ल्यात, ऑगस्टातल्या उकडत्या दुपारी, धाकट्या भावाच्या शोकाला आलेल्या माणसांना कडू कॉफी पाजत सिद्दीक दारापासून निघाला होता आणि आत्ता कुठे खोलीच्या मध्यावर आला होता. तिथल्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं घोट घेतला आणि कप सिद्दीकच्या हातात परत द्यायचा सोडून, सावकाश वाकून, आपल्या काठीच्या टोकाशी जमिनीवर ठेवून दिला. म्हातारा दुसरातिसरा कुणी नव्हता. सिद्दीकच्याच कानीस्पी गावचा हाजी फेरेमेझ होता. सरकारची बंदूक खांद्याला लावून डोंगरातल्या आपल्याच बंडखोर पोरांविरुद्ध पहाऱ्याला उभा राहिलेला फेरेमेझ. त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर सिद्दीकचा मेहुणा, बहिणीचा नवरा वहाब बसला होता, आणि वहाबच्या मानेची शीर फुगलेली सिद्दीकला दिसली.

मिर्रा, म्हणजे ही कडू कॉफी, कशी प्यायची हे या मुलखात पोराला चालता येण्याआधी कळतं. कप एकच असतो, बिनकानाचा, अंड्याच्या टरफलाएवढा, आणि तोच सगळ्यांच्या ओठांवरून फिरतो. पाजणारा तळाशी दोन घोट ओततो, पिणारा तोंड वाकडं न करता ते विष पोटात घालतो आणि कप पाजणाऱ्याच्या हातात देतो. हातातून हातात. जमिनीवर टेकवलात तर पाजणाऱ्याचा अपमान झाला, मग भरपाई द्या: एक तर तो कप सोन्यानं भरा, नाहीतर पाजणाऱ्याचं लग्न लावून द्या. लग्नाच्या मांडवात एखादा थट्टेखोर पाहुणा मुद्दाम तसं करतो आणि पाजणारा पोरगा लाजून लाल होतो, सगळे हसून हसून बेजार होतात. पण शोकाच्या घरात कुणी कप खाली ठेवलेला सिद्दीकनं जन्मात पाहिला नव्हता. आणि तो फेरेमेझनं ठेवावा! तुझ्या भावाच्या नावाची कॉफी मी माझ्या बुटाशेजारी ठेवतो, असंच ना? खोलीतल्या प्रत्येकानं हाच अर्थ काढला असणार. आता सिद्दीक काय करतो यावर पुढचं सगळं होतं. त्यानं एक शब्द वावगा काढला असता तर वहाबनं म्हाताऱ्याला कॉलर धरून रस्त्यावर नेलं असतं, रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीतून साध्या कपड्यातले पोलीस उतरले असते, आणि तीसेक वर्षं थांबलेला बेदरीचा शोक पहिल्याच दिवशी उधळला गेला असता. आई पडद्यापलीकडे बायकांत बसली होती. तिनं हा एवढाच दिवस मागून घेतला होता.

सिद्दीक कपाकडे पाहत राहिला. कपाच्या तळाशी काळपट थेंब उरला होता. त्याला राग यायला हवा होता आणि येत नव्हता, याचीच त्याला भीती वाटली. तसा तो आयुष्यभर भीतच आला होता, आणि माणसांपेक्षा शब्दांना जास्त. तांबटबाजारात बसून भांड्यांना कल्हई लावणाऱ्या माणसाला शब्द लागतात किती? नवसागराची भुकटी टाकली, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं एक हात मारला की भांडं आरशासारखं लखलखतं, बोलायची गरज पडत नाही. पण त्याच्या घरावर लोक येऊन शब्द चिकटवून जात आणि ते खरवडून निघत नसत. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीच्या वर्षात हवालदारानं त्याला सगळ्यांसमोर उभं करून म्हटलं होतं, "हा दहशतवाद्याचा भाऊ. याला स्वयंपाकघरात ठेवा, बंदुकीपाशी नको." उलट वहाबच्या मित्रांच्या बैठकीत गेला की तिथं तो 'शहिदाचा भाऊ' असायचा, त्याला सगळ्यात वरची उशी मिळायची, आणि ती उशी त्याला हवालदाराच्या बोलण्याइतकीच टोचायची. कारण तेव्हा बेदरी मेल्याची खबर कुणालाच नव्हती, आणि हे लोक त्याला आधीच शहीद करून मोकळे झाले होते. आपला भाऊ नक्की कोण होता असं सिद्दीकला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की कोंबडी कापायची वेळ आली की बेदरी गोठ्यामागे जाऊन कानांत बोटं घालून बसायचा.

त्याला आठवला तो सबंध गावाचा लग्नाचा हंडा. हंडा फेरेमेझच्या घरचा, पण लग्न कुणाच्याही घरी असो, भात त्यातच शिजायचा. दर वसंतात सिद्दीकचे वडील त्याला कल्हई लावायचे. आधी घासायचा, म्हणजे आत वाळू नि ओली चिंधी टाकायची, पोरांना अनवाणी आत उतरवायचं आणि कंबर हलवत गोल गोल फिरायला लावायचं. एवढा मोठा हंडा एकट्याच्यानं होत नसे. मग बेदरी आणि फेरेमेझचा नासिर दोघं आत उतरायचे, एकमेकांचे खांदे धरायचे आणि भिंगरीसारखे फिरायचे, पायांखाली वाळू करकरायची, बायका गच्चीवरून टाळ्या वाजवायच्या आणि चक्कर येऊन दोघं हंड्यातच आडवे व्हायचे. फेरेमेझ काठावर हात ठेवून आत डोकवायचा आणि म्हणायचा, "अरे गाढवांनो, उठा! नाहीतर भातात शिजवीन दोघांना!" सिद्दीक त्याला तेव्हा 'खालो' म्हणायचा, मामा. रक्ताचा मामा नव्हता, पण गावात रक्त मोजत कोण बसतं. आणि फेरेमेझची थोरली, बेस्ना, भाकरीचं टोपलं घेऊन यायची तेव्हा सिद्दीक कथील वितळायला ठेवलेलं विसरून जायचा. बोलणी व्हायची होती. दोन्ही आयांनी नजरेनं ठरवून टाकलं होतं, फक्त बापांनी कॉफी प्यायची राहिली होती.

मग त्र्याण्णव साली सैन्याच्या गाड्या आल्या आणि अधिकाऱ्यानं गावाला चौकात उभं करून दोनच वाटा दाखवल्या: सरकारची बंदूक घ्या, पगार घ्या, गावची राखण करा, नाहीतर गाव सोडा. त्या रात्री डोंगरातली, सरकारशी लढणारी पोरंही खाली आली होती आणि त्यांनी तिसरंच सांगितलं होतं: बंदूक घेणाऱ्याला आम्ही सोडणार नाही. म्हणजे घेतली तर हे मारणार, नाही घेतली तर ते जाळणार. फेरेमेझनं घेतली. त्याला लहानगी धरून सात लेकरं होती आणि द्राक्षाचा मळा नुकता धरला होता. सिद्दीकच्या वडिलांनी नाही घेतली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कल्हईवाला दहा गावं हिंडतो, बंदूक घेऊन हिंडलो तर मला भांडं कोण देईल? यात शूरपणा कसला आणि भित्रेपणा कसला, सिद्दीकला अजून उलगडलं नव्हतं. दोन बापांनी आपापल्या पोटाचा हिशेब केला आणि त्यातून एक घर 'देशनिष्ठ' झालं आणि दुसरं 'दहशतवाद्यांचं'. खालच्या आळीची घरं पेटली तेव्हा गुलिझारनं, म्हणजे सिद्दीकच्या आईनं, तव्यावरची भाकरी तशीच उचलून पदरात बांधली आणि चालू लागली. बेदरी त्यांच्याबरोबर शहरापर्यंत आला. बाग्लारमधल्या दोन खोल्यांत तो हिवाळाभर गप्प बसून राहिला, आणि बर्फ वितळायच्या सुमाराला एका सकाळी त्याची चप्पल दाराशी होती, बूट नव्हते. डोंगरावर गेला, म्हणाले सगळे. आईनं ती चप्पल उचलून कपाटावर ठेवली, म्हणाली, "डोंगरावर चप्पल कशाला लागते." आणि मग ती मोरीत जाऊन खूप वेळ पाणी सोडून बसली.

पुढच्याच वर्षी कानीस्पीखालच्या वळणावर पहारेकऱ्यांची गाडी उडवली गेली आणि त्यात नासिर गेला. सरकारनं त्याला झेंड्यात गुंडाळलं, शहीद म्हटलं, त्याच्या नावाचा संगमरवर लावला. डोंगरावरच्यांच्या पत्रकात तोच नासिर 'जाश' होता, गाढवाचं शिंगरू, कुणाचंही ओझं वाहणारं. गंमत पाहा, बंदुका वेगळ्या होत्या, झेंडे वेगळे होते, पण दोन्हीकडे मेलेल्याला द्यायचा चांगला शब्द एकच होता. शहीद. आणि तो आपल्याकडे ठेवून घेण्यासाठी दोन्हीकडचे समोरच्याला एक घाणेरडा शब्द देत होते. नासिरच्या शोकाची खबर शहरात आली त्या दिवशी सिद्दीकच्या वडिलांनी कोट चढवला. दाराशी गेले. परत आले, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "तिथं सगळे गणवेशवाले असतील." गावातलं कुणीच गेलं नाही. पण वडिलांच्या त्या परत येण्याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती सिद्दीकनं कुणापाशी काढली नव्हती, आईपाशी तर नाहीच. त्या वळणावर दबा धरून बसलेल्यांत बेदरी होता का? तो त्याच टापूत होता असं कुणी म्हणे, कुणी म्हणे सरहद्दीपलीकडे होता. ज्या पोराला कोंबडीची मान पाहवत नव्हती त्यानं हंड्यातल्या जोडीदाराच्या गाडीखाली सुरुंग लावला असेल का? टीव्हीवर दहशतवादी हा शब्द आला की सिद्दीकचं रक्त खवळायचं, आणि लगोलग ते वळण डोळ्यांपुढे येऊन खवळलेलं रक्त गोठून जायचं. वहाबच्या तोंडी शहीद आलं की ऊर भरून यायचा, आणि पुन्हा तेच वळण. दोन्ही शब्द त्याला पुरते बोलता येत नव्हते, म्हणून तो भांडी घासत राहिला.

या उन्हाळ्यात मात्र काहीतरी सैल झालं. डोंगरावरच्यांनी बंदूक खाली ठेवायचं ठरवलं आणि टीव्हीवर सगळ्या जगानं पाहिलं, रांगेनं आलेली माणसं, बाया, एका मोठ्या कढईत आपापली बंदूक ठेवत होती आणि मग कढई पेटवली. तांबटबाजारातलं प्रत्येक दुकान बंद होऊन चहाच्या टपरीवर जमलं होतं. कुणी रडत होतं, कुणी म्हणत होतं हा डाव आहे, आणि सिद्दीकच्या डोक्यात काय यावं? एवढी चांगली कढई, आता हिला कल्हई धरायची नाही. मग त्याचं त्यालाच हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तीन आठवड्यांनी बेदरीची खबर आली. डोंगरावरच्यांनी जुन्या काळी गेलेल्यांची नावं सांगायला सुरुवात केली होती. बेदरी कधीच गेला होता, अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात, बर्फाच्या कड्याखाली, चार जणांबरोबर. प्रेत नाही, कबर नाही. इतकी वर्षं दर वर्षी पोलीस येऊन विचारायचे, "आजी, मुलगा कुठंय?" आणि गुलिझार म्हणायची, "तुम्हीच शोधताय ना, सापडला तर मलाही सांगा." आता तिला सांगणारं कुणी भेटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे त्याला थंडीनं नेलं. माणसानं नाही." आणि मग, "मला त्याचा शोक पाहिजे. सगळ्यांसारखा. दार उघडं ठेवून."

दार उघडं ठेवणं काय सोपं होतं? शोकाच्या आदल्या संध्याकाळी घरात युद्ध पेटलं. वहाब मोठा फोटो छापून आणायच्या तयारीत होता, गणवेशातला, खाली ठळक अक्षरांत शहीद. दुपारी साध्या कपड्यातला एक तरुण अधिकारी येऊन अगदी अदबीनं सांगून गेला होता, "काका, दिवस चांगले आलेत, कुणी तुम्हाला अडवणार नाही. फक्त गणवेशाचा फोटो नको, घोषणा नकोत आणि तो शब्द नको. कायद्यात तुमचा भाऊ अजून दहशतवादीच आहे. मी काय करू?" आणि खरोखरच, तो काय करणार होता. वहाब पेटला, "शहीद म्हणायचं नाही तर बसायचं कशाला? लपूनछपून? चोर मेलाय का आपला?" त्यात ब्रसेल्सहून मामेभाऊ झुबेर फोनच्या स्पीकरवर. तीस वर्षं तिकडे राहून त्याला युरोपातले सगळे निकाल पाठ झाले होते. "ऐका, ऐका! इथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं साफ म्हटलंय, ही दहशतवादी संघटना नव्हे, युद्धातला एक पक्ष. लेखी!" "मग तुमचं सरकार काय म्हणतं?" सिद्दीकनं विचारलं. "सरकार म्हणतं, कोर्टाचं कोर्टापाशी, आमच्या लेखी ते दहशतवादीच." "म्हणजे तुमच्याकडे एकाच गल्लीत दोन नावं आहेत." "हो, पण कोर्टाचं..." इथं आईनं हात वर केला. ती कोपऱ्यात मसूर निवडत बसली होती. "झुबेर, तुझ्या कोर्टानं त्याला दूध पाजलंय का?" "नाही, आत्या." "वहाब, तू? आणि त्या पोलिसानं तर नाहीच नाही. मग त्याचं नाव मी ठेवलंय ते राहू दे. दारावर लिहा, बेदरी, गुलिझारचा मुलगा. एवढं वाचता येणार नाही असा माणूस माझ्या दारात यायलाच नको." त्यावर कुणाचं काही चाललं नाही. फोटोही तिनंच काढून दिला: तेरा वर्षांचा बेदरी, तोंडाला काजळी, हातात पळी.

आणि आज त्या दारातून फेरेमेझ आला. काठी टेकत, एकटा, मिनीबसमधून उतरून. दाराशी थांबून त्यानं पाटी वाचली, वेळ लावून, ओठ हलवत. आत येऊन रीतीनं "फातिहा" म्हणाला, आणि सगळ्यांचे तळवे आपसूक उघडले, कारण फातिहा म्हटली की कोण म्हणतोय ते पाहायचं नसतं. वहाबचेसुद्धा उघडले. प्रार्थना संपल्यावर म्हातारा सिद्दीकसमोर उभा राहिला. सबंध खोलीनं कान टवकारले होते. आता हा त्याला कोण म्हणणार? याच्या कागदावर, याच्या पेन्शनवर, याच्या मुलाच्या संगमरवरावर जे लिहिलंय ते, की दुसरं काही? "तुमची डोकी सलामत राहोत," फेरेमेझ म्हणाला, प्रत्येक शोकात म्हणतात तेच. आणि मग अडखळत, "आमच्या नासिरचा बेदरी... अल्लानं त्याला जवळ घ्यावं." एवढंच. मग रिकामी खुर्ची शोधू लागला, आणि नशिबानं रिकामी होती ती नेमकी वहाबशेजारची. वहाब दात आवळून पुटपुटला, "जाशला कॉफी पाजणार का आता?" सिद्दीकनं ऐकलं न ऐकलंसं केलं. बसलेल्या माणसाला ओलांडून पुढं जायचं नसतं. ती कॉफी पाजणाऱ्याची लाज आहे. त्यानं ओतली, म्हाताऱ्यानं घोट घेतला, आणि कप खाली ठेवला.

किती वेळ गेला असेल? पंख्याच्या चार फेऱ्या, कदाचित पाच. सिद्दीकनं मान वर करून पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथं उद्धटपणा नव्हता, डाव नव्हता. फेरेमेझला काही कळलंच नव्हतं. तो शांतपणे बसला होता, मिशीवरची कॉफी तळहातानं पुसत, आणि सगळे आपल्याकडे का पाहतायत म्हणून बावरून इकडेतिकडे बघत होता.

"खालो," सिद्दीक म्हणाला. हा शब्द कुठून आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तीसेक वर्षांत तो जिभेवर आला नव्हता. "खालो, कप खाली ठेवलात."

म्हाताऱ्यानं खाली पाहिलं. बुटाशेजारी कप. त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. तो घाईनं वाकायला गेला, काठी निसटून खडखडत पडली. "अरे... हाय अल्ला... मी... विसरलो रे. विसरलो. तीस वर्षांत कुणी पाजलीच नाही मला."

तीस वर्षं! म्हणजे एवढ्या वर्षांत एका लग्नात नाही, एका मयतीत नाही. गावच्या ज्या हंड्यातला भात सगळ्यांनी खाल्ला त्या हंड्याच्या मालकाला कुणी घोटभर कॉफीसाठी आपल्या रांगेत बसवलं नाही. स्वतःच्या मुलाच्या शोकातसुद्धा गणवेशवाल्यांनी कागदी पेल्यांतून चहा वाटला असणार आणि यानं तो पिऊन पेला खाली ठेवला असणार, कारण कागदी पेला कुणाच्या हातात परत द्यायचा असतो? माणूस नमाज विसरत नाही, शिवी विसरत नाही, पण एवढी साधी रीत हा विसरून गेला होता, कारण ती एकट्यानं पाळायची रीतच नव्हे. सिद्दीकला एकदम वडिलांचा खुंटीवरचा कोट आठवला, आणि त्याला रडू येईल असं वाटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"ते मला ठाऊक नाही खालो. रीत म्हणजे रीत. एक तर कप सोन्यानं भरा, नाहीतर माझं लग्न लावून द्या."

कुणाला हसावं की नाही कळेना. मुल्लानं दाढीत तोंड लपवलं. फेरेमेझ आ वासून बिनलग्नाच्या सिद्दीकच्या पांढऱ्या मिशांकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून गुलिझारचा आवाज आला, खणखणीत, "फेरेमेझ! सोनं नको मला. सून दे!"

आधी बायकांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं, मग इकडे मुल्ला, आणि मग सगळी खोली. शोकाच्या घरात असं हसायचं नसतं, म्हणून प्रत्येकजण तोंडावर हात धरून हसत होता आणि त्यानं ते आणखीच वाढत होतं. "पंचावन्न वर्षांचा नवरदेव!" फेरेमेझ डोळे पुसत म्हणाला. "गुलिझार, दात पाहिलेस का याचे? याला आता कोण देणार?" आणि मग हसू ओसरलं तेव्हा, फक्त सिद्दीकला ऐकू जाईल असं, "तेव्हाच द्यायला हवी होती. बुर्सात असते बेस्ना. आजी झालीय." सिद्दीकनं मान हलवली. दुखलं, पण ते दुखणं जुनं, ओळखीचं होतं, त्याला कुणाचं तरी नाव होतं.

तो काठी उचलायला वाकला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "सिद्दीक, त्या वळणावर... तो होता का रे?" सिद्दीकला वाटलं आपण याच प्रश्नासाठी तीस वर्षं भांडी घासत बसलो होतो, की कधीतरी कुणी तो मोठ्यानं विचारेल. "मला ठाऊक नाही, खालो. मीही रोज विचारतो." "मग असू दे," म्हातारा म्हणाला, "निदान विचारणारे दोघं झालो."

सिद्दीकनं कप उचलला. खांद्यावर फडकं होतं, पण त्यानं कप पुसला नाही. किटली वाकवून दोन घोट ओतले आणि फेरेमेझपुढं धरले. म्हाताऱ्यानं या खेपेला दोन्ही हातांनी कप घेतला, प्यायला, आणि दोन्ही हातांनी सिद्दीकच्या हातात परत दिला, आपण चुकत नाही ना हे त्याच्या डोळ्यांत बघत. मग सिद्दीक एक पाऊल पुढं सरकला. पुढची खुर्ची वहाबची होती. कप तोच होता, फेरेमेझच्या ओठांची ओल त्याच्या कडेवर होती. सिद्दीकनं ओतलं आणि हात पुढे केला. वहाब कपाकडे पाहत होता. मग त्याची नजर समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे गेली, तोंडाला काजळी फासलेल्या पोराकडे, आणि तिथंच थोडी अडकली. त्यानं कप घेतला, एका दमात प्यायला, आणि कडू लागल्यानं तोंड वाकडं केलं. कप त्यानं सिद्दीकच्या हातात परत दिला.